भूतानला निघण्याआधी काय काय बघून घ्यावे

सुरुवात कागदांपासून करा, कारण सर्वांत जास्त मंडळी अडकतात ती इथेच. भारतीयांना भूतानचा व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना मात्र लागतो. त्यासाठी दोनच ओळखपत्रे चालतात: किमान ६ महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, वाहन चालवण्याचा परवाना यांतले काहीच चालत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांकडे पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला मूळ प्रतीत हवा आणि आई किंवा वडील सोबत हवेत. आपल्याकडची नेहमीची चूक नावांची. लग्नानंतर मतदार कार्डावर माहेरचे नाव राहिलेले असते आणि तिकीट सासरच्या नावाने काढलेले असते, किंवा एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये आणि दुसऱ्यावर नाहीच. ज्या ओळखपत्रावर परवाना काढणार, त्यावरचेच नाव अक्षर न अक्षर तिकिटावर आणि हॉटेलच्या आरक्षणात घाला. परवान्याच्या अर्जात पारो-थिंफूसोबत पुनाखा, ‘हा’ नावाचे खोरे, बुमथांग अशी जाण्याची सगळी ठिकाणे आधीच लिहा.

आता पैसे. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीसाठी भारतीय पर्यटकाला दर माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना काही नाही. म्हणजे तीन मोठी माणसे आणि ९ वर्षांचे एक मूल असेल तर रात्रीचे ४,२०० रुपये, पाच रात्रींचे २१,०००. हॉटेल, गाडी, वाटाड्या आणि मंदिरांची तिकिटे याखेरीज. हा आकडा हिशेबात धरला नाही की सगळे अंदाजपत्रक कोलमडते. पर्यटक मोजके यावेत आणि त्यांनी देशाच्या जपणुकीला हातभार लावावा, हे भूतानचे ठरवलेले धोरण आहे. किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे, असे तिथल्या राज्यघटनेतच लिहिले आहे. तिथले चलन न्गुल्ट्रम, त्याची किंमत आपल्या रुपयाएवढीच, आणि रुपयाच्या नोटा बहुतेक ठिकाणी घेतात. ५०० च्या नोटा मात्र माणशी एकूण २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात, तेव्हा १०० च्या नोटा भरपूर ठेवा.

कधी जायचे? मार्च ते मे किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जून ते ऑगस्टमध्ये सीमेवरचे फुन्शोलिंग ते थिंफू या साधारण १५० किलोमीटरच्या घाटरस्त्यावर दरडी कोसळतात. पारोचा त्शेचू म्हणजे धार्मिक उत्सव वसंतात आणि थिंफूचा शरदात असतो. मुखवट्यांचे नृत्य पाहायचे असेल तर खोल्या फार आधी धरा. विमानाने जाणार असाल तर परतीला एक दिवस मोकळा ठेवाच. पारोचे विमानतळ अरुंद दरीत आहे. तिथे फक्त दिवसाउजेडी, डोळ्यांना दरी दिसत असतानाच आणि खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिकच विमान उतरवतात. ढग खाली आले की उड्डाण थांबते, आणि त्याच दिवशी बागडोगरा किंवा कोलकात्याहून मुंबईचे पुढचे विमान धरलेले असेल तर तेही हातचे जाते. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी मागा. हवा स्वच्छ असली तर एव्हरेस्ट दिसते. घड्याळ अर्धा तास पुढे करा.

कपड्यांची पिशवी भरताना उंची लक्षात घ्या. फुन्शोलिंग जेमतेम ३०० मीटरवर, थिंफू सुमारे २,३०० वर, दोचुला खिंड ३,१०० वर आणि पुनाखा पुन्हा खाली १,२०० च्या आसपास. एकाच दिवसात स्वेटर चढवावा आणि उतरवावा लागतो. त्यामुळे एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. डोळ्यांसमोर झाँग म्हणजे किल्लेवजा मठ आणि मंदिरे ठेवून प्रत्येकी दोन पूर्ण बाह्यांचे कॉलरचे शर्ट किंवा कुर्ते आणि पूर्ण लांबीच्या पँटी घ्या. तिथे भूतानी पुरुष घो आणि बायका किरा घालूनच जातात. झाँगमध्ये शिरताना पुरुष खांद्यावरून काबने म्हणजे लांब उपरणे घेतात. सामान्य नागरिकाचे पांढरे असते, तर पिवळे फक्त राजा आणि मुख्य धर्मगुरू (‘जे खेंपो’) यांचे. पाहुण्याने अर्ध्या चड्डीत आणि टोपी घालून उभे राहणे हा त्या जागेचा अपमान ठरतो. गाभाऱ्यात फोटो काढता येत नाही, बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून जाड मोजे न्या. फरशी फार गार असते.

ताक्त्संग मठासाठी वेगळी तयारी लागते. तो ३,१२० मीटरवर कड्याला चिकटून आहे, आणि पायथ्यापासूनची चढण सुमारे ५०० मीटरची आहे. चढायला दोन ते तीन तास धरा. हा बेत पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको, शेवटी ठेवा, म्हणजे शरीर विरळ हवेला सरावते. घोडे अर्ध्या वाटेपर्यंतच आणि चढतानाच मिळतात. शेवटी दरीत उतरून पुन्हा चढणाऱ्या शेकडो पायऱ्या स्वतःच्याच पायांनी चढाव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर निर्णय घोड्यावर बसण्याआधी घ्या. बूट आठवडाभर घरी घालून मुरवलेले असावेत, आणि उलटीच्या गोळ्या घाटासाठी हाताशी हव्यात.

जेवणात मिरची ही भाजी म्हणून असते. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. कोल्हापूरच्या माणसालाही एमा दात्शी जपून खावी लागते. शाकाहाऱ्यांनी केवा दात्शी म्हणजे बटाट्याची, किंवा शामू दात्शी म्हणजे आळिंबीची मागवावी आणि मिरची कमी सांगावी.

देशाची थोडी ओळख करून घेतली की पाहिलेले कळते. भूतान ३८,३९४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याएवढा, आणि २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासात लाखांच्या आसपास. १७ व्या शतकात तिबेटहून आलेल्या शाब्द्रुंग न्गावांग नामग्याल यांनी तो एकत्र बांधला, १९०७ पासून वांगचुक घराणे राजगादीवर आहे आणि २००८ मध्ये राज्यघटना व निवडणुका आल्या. भाषा झोंगखा, पण शाळा इंग्रजी माध्यमाच्या आणि हिंदी बऱ्याच जणांना समजते. बहुतेकांना आडनाव नसते, म्हणून नवऱ्याच्या नावावरून बायकोचे नाव ताडू नका. दक्षिणेत नेपाळी बोलणारे हिंदूही आहेत.

विहारात पंचशील म्हणत वाढलेल्या मराठी बौद्धांना तिथला वज्रयान हा बौद्ध पंथ अनोळखी वाटेल. बुद्धाशेजारी गुरू पद्मसंभव, उग्र रक्षकदेवता, लोण्याचे दिवे, आणि पुनाख्याजवळ चिमी ल्हाखांग या मंदिराच्या परिसरात घरांच्या भिंतींवर लिंगाची चित्रे. ती अनिष्ट टाळण्यासाठी असतात. मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे हसू फुटणार नाही. स्तूप आणि प्रार्थनाचक्रे उजवीकडे ठेवूनच पुढे जावे, चक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावे. भेटल्यावर ‘कुझुझांगपो ला’, आभाराला ‘कादिन्छे ला’. शेवटचा ‘ला’ आदराचा, तो गाळू नका.

परतताना उरलेले न्गुल्ट्रम फुन्शोलिंगमध्येच बदला किंवा खर्चून टाका. सीमेलगतच्या आपल्या जयगावपुढे ते कोणी घेत नाही.