मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा सराव करताना या चुका टाळा

मेडिकल ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेला (डिक्टेट केलेला) अहवाल ऐकून टाईप करण्याचं काम, शिकायला घेतलं की बहुतेक जण आधी टायपिंगच्या वेगामागे लागतात. वेग लागतोच, पण माणूस खरा अडतो तो दुसरीकडे. डॉक्टरांनी घाईत उच्चारलेला एक शब्द कानाला दोन शब्दांसारखा वाटतो, दोन्हींचं स्पेलिंग कोशात बरोबर सापडतं आणि त्यातला कुठला लिहायचा तेच कळत नाही. माझं म्हणणं असं, की कान फक्त पर्याय सुचवतो. निवड अहवालाच्या अर्थावरून करायची, आणि अर्थावरूनही होत नसेल तर जागा रिकामी सोडायची. नवख्यांच्या बहुतेक चुका हा क्रम मोडल्यामुळे होतात.

ऐकू आलं तसं टाईप करणं

‘इलियम’ हा शब्द घ्या. एक इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, स्पेलिंग आय-एल-ई-यू-एम. दुसरं इलियम म्हणजे कमरेचं हाड, स्पेलिंग आय-एल-आय-यू-एम. उच्चार एकच. स्पेल-चेकर दोन्हींना मान डोलावतो, म्हणजे त्याची इथे काडीचीही मदत नाही. कोलोनोस्कोपीचा अहवाल चालू असेल तर आतडं, कमरेच्या फ्रॅक्चरचा असेल तर हाड. हे कळायला शरीररचना थोडी तरी यावी लागते. म्हणून टायपिंगच्या सरावाइतकाच वेळ अवयव, त्यांची जागा आणि त्यांचे आजार यांना द्यायला हवा असं मला वाटतं. बरेच जण नेमकं हेच टाळतात.

औषधांच्या बाबतीत प्रकरण आणखी नाजूक होतं. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन ही जोडी पाहा. पहिलं रक्तदाबासाठी देतात, दुसरं खाज किंवा अस्वस्थपणासाठी. ऑडिओत मधलं अक्षर गिळलं गेलं की दोन्ही सारखीच ऐकू येतात. नवखा लगेच डोसकडे वळतो, पण दोन्ही औषधं २५ मिलिग्रॅममध्ये मिळतात आणि दोन्ही दिवसातून तीन-चार वेळा देता येतात, त्यामुळे डोस काहीच ठरवत नाही. मग अहवालात मागे जायचं. निदानात हायपरटेन्शन आहे का? अंगावर पुरळ, खाज असं काही आलंय का? ॲडमिट होतानाच्या औषधांच्या यादीत यातलं एखादं आधीच आहे का? हा शोध दोन मिनिटांचा असतो आणि त्यात कंटाळा करून चालत नाही. औषधांच्या नावांतला हा गोंधळ इतका जुना आहे, की अशा जोड्यांची नावं छापताना वेगळी पडणारी अक्षरं मुद्दाम कॅपिटलमध्ये छापायची पद्धत आहे. सराव करताना तुमच्या स्वतःच्या यादीतही तीच वापरा.

डिसफेजिया आणि डिसफेझिया ही जोडी तर अर्थावर विसंबणाऱ्यालाही फसवते. पहिल्यात गिळायला त्रास, दुसऱ्यात बोलायला. पक्षाघाताच्या रुग्णाला दोन्ही होऊ शकतात, म्हणून ‘स्ट्रोकचा पेशंट आहे’ एवढ्यावर भागत नाही. पुढच्या वाक्यात घन पदार्थ, ठसका, फीडिंग ट्यूब असं काही येतंय, की शब्द आठवत नाहीत असं येतंय, ते ऐकेपर्यंत थांबायचं.

अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडक्शन यांत पाय शरीरापासून दूर जातोय की जवळ येतोय एवढाच फरक, पण तोच महत्त्वाचा. घोळ होऊ नये म्हणून पुष्कळ डॉक्टर मुद्दाम ‘ए-बी-डक्शन’ असं अक्षरं फोडून बोलतात. ते तसंच फोडून टाईप करायचं नसतं, पूर्ण शब्द लिहायचा असतो.

आकडे कानावर सोडणं

फिफ्टीन आणि फिफ्टी यांत शेवटचा ‘न’ ऐकण्याचा प्रयत्न करू नका, तो बहुधा ऐकू येतच नाही. जोर कुठे पडतोय ते ऐका. फिफ्टीनमध्ये तो सहसा दुसऱ्या भागावर पडतो, फिफ्टीमध्ये पहिल्या. फिफ्टी आणि सिक्स्टीचा गोंधळ वेगळ्या कारणाने होतो. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाईनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो, आणि ‘फ’ व ‘स’ वेगळे ओळखू येतात ते बरेचसे त्याच्या वरच्या आवाजामुळे. डिक्टेशन फोनवरून झालं असेल तर तो फरक रेकॉर्डिंगमध्ये उतरलेलाच नसतो. दहा वेळा मागे नेऊन ऐकलं तरी तो सापडणार नाही, महागडे हेडफोन घेतले तरी नाही. अशा वेळी रिवाइंड थांबवा आणि तोच आकडा अहवालात दुसरीकडे आलाय का ते शोधा.

प्रत्येक आकडा लिहून झाला की तो संभवतो का, एवढं स्वतःला विचारायची सवय लावा. रक्तातलं पोटॅशियम सर्वसाधारणपणे ३.५ ते ५ च्या आसपास असतं. तुम्ही ४१ लिहिलं असेल तर मधला ‘पॉइंट’ निसटलाय. लेव्होथायरॉक्सिन हे थायरॉइडचं औषध मायक्रोग्रॅममध्ये देतात, त्यापुढे ५० मिलिग्रॅम लिहिलं गेलं तर डोस हजारपट झाला. शस्त्रक्रियेच्या अहवालात ‘थ्री-ओ व्हिक्रिल’ ऐकू आलं तर ते ३-० असं लिहायचं. तो टाक्याच्या धाग्याचा आकार आहे, तीस नव्हे.

शून्याचे दोन नियम पहिल्या दिवसापासून हाताला लावून घ्या. डॉक्टर ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणाले तरी ०.५ लिहायचं, आणि डोस ‘फाइव्ह पॉइंट झीरो’ म्हटला तरी नुसतं ५. दशांशचिन्ह नजरेतून सुटलं की ५.० चे ५० होतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने, म्हणजे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, २००४ पासून जी ‘वापरू नका’ यादी लागू केली, तिच्यात .५ आणि ५.० अशी दोन्ही रूपं आहेत. युनिटसाठी नुसतं ‘यू’ आणि रोज एकदा यासाठी ‘क्यूडी’ लिहिणंही त्यातच येतं. प्रयोगशाळेच्या निकालात मात्र शेवटचं शून्य चालतं, कारण तिथे ते मोजमापाची अचूकता दाखवतं.

रिकामी जागा सोडायची लाज वाटणं

सगळ्यात घातक चूक हीच, कारण ती अहवालात दिसत नाही. नवख्याला वाटतं, जागा रिकामी ठेवली तर आपल्याला येत नाही असं दिसेल. मग तो जवळपास बसणारा शब्द घालतो. चुकीचा शब्द वाक्यात इतका बेमालूम बसतो की पुढे तपासणाऱ्यालाही शंका येत नाही. रिकामी जागा निदान ओरडून सांगते की इथे बघा.

जागा सोडण्याचीही रीत असते. अधोरेषा, त्यापुढे ऑडिओतली वेळ, उदाहरणार्थ ०२:१४, आणि शक्य असेल तर ‘असं काहीसं ऐकू येतं’ म्हणून उच्चार. त्यामुळे तपासणारा थेट त्या सेकंदावर जातो. मात्र सुरुवातीलाच घाईने जागा सोडत सुटू नका. अडलेल्या शब्दावर दोन-तीनदा ऐका, मग खूण करून पुढे जा. डॉक्टर तोच शब्द निष्कर्षात पुन्हा उच्चारतात, कधी जास्त स्पष्ट. शेवटपर्यंत जाऊन परत आलात की निम्म्या जागा आपोआप भरलेल्या असतात असा माझा अनुभव आहे.

शब्द कोशात सापडतच नाही

ऐकू नीट आलंय, पण कोशात नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा पहिलं अक्षर मुकं असतं किंवा तो आवाज वेगळ्याच अक्षराने लिहिलेला असतो. ‘न’ ऐकू आला तर पी-एन खाली पाहा, न्यूमोनिया तिथेच मिळतो. ‘ट’ ऐकू आला तर पी-टी, जसं टेरिजियम. ‘स’साठी एस सोडून सी, पी-एस आणि एस-सी. ‘झ’साठी एक्स, जसं झँथेलास्मा. ‘फ’साठी पी-एच, ‘र’साठी आर-एच. ही यादी भिंतीवर लावा.

इंटरनेटवर शब्द टाकला आणि भरपूर निकाल आले म्हणजे स्पेलिंग बरोबर, असं मात्र मानू नका. चुकीची स्पेलिंगंही हजारो ठिकाणी सापडतात. शब्द सापडला की त्याची व्याख्या वाचायची आणि ती या वाक्यात बसते का पाहायचं. व्याख्या न वाचता शब्द उचलणं म्हणजे अंदाजच झाला.

डॉक्टरांचं म्हणणं ‘सुधारणं’

व्याकरण नीट करणं, ‘नेक्स्ट पॅराग्राफ’, ‘कॉमा’ अशा सूचना पाळून त्या अहवालात न उतरवणं, ‘लेफ्ट... नाही, राइट नी’ असं आलं तर फक्त उजवा गुडघा लिहिणं, हे तुमचं काम. पण सुरुवातीला डावा गुडघा आणि शस्त्रक्रियेच्या वर्णनात उजवा असं आलं, तर कुठला बरोबर ते तुम्ही ठरवायचं नाही. जसं बोललं गेलं तसं ठेवा आणि विसंगती म्हणून खूण करा. रुग्ण पुरुष की स्त्री, ॲलर्जी आहे असं सांगितलेलं औषधच पुढे दिलंय का, यावरही अशीच नजर हवी. चूक पकडायची, पण मजकुराची दुरुस्ती डॉक्टरांवर सोडायची.

याच्या उलटी चूक म्हणजे लहानसा शब्द गाळणं. ‘नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर’ मधला ‘नो’ गळाला की हाड मोडलेलं होतं. असे नकार हळू आवाजात, वाक्याच्या सुरुवातीला येतात, नेमकं तेव्हाच फूट पेडलवर (ऑडिओ थांबवायच्या-चालवायच्या पायाच्या कळीवर) पाय पुन्हा पडत असतो. सॉफ्टवेअरमध्ये थांबल्यावर आपोआप एक-दोन सेकंद मागे जाण्याची सोय असते, ती चालू ठेवा. वेग अगदी निम्म्यावर आणलात तर आवाज फाटल्यासारखा होतो आणि जोर कळेनासा होतो, तेव्हा थोडाच कमी करा.

शॉर्टकट लवकर वापरणं

टेक्स्ट एक्स्पांडर, म्हणजे दोन-तीन अक्षरं टाईप करताच पूर्ण शब्द उमटवणारं साधन, उपयोगी आहे, पण पाठांतर पक्कं झाल्यावर. ‘पीटी’ टाईप करताच ‘पेशंट’ उमटेल असं लावलंत, तर फिजिकल थेरपी आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठण्याची चाचणी) यांचंही ‘पेशंट’ होईल. अक्षरांचा असा मेळ निवडा जो दुसरीकडे कुठे येत नाही. तपासणीचा पूर्ण ‘नॉर्मल’ परिच्छेद एका कळीवर ठेवण्यात धोका जास्त आहे. त्यात ‘नो मर्मर्स’ (हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज नाही) असतं आणि डॉक्टरांनी नुकताच हृदयात मर्मर ऐकू आल्याचं सांगितलेलं असतं. असा परिच्छेद घातलाच तर प्रत्येक वाक्य ऑडिओशी ताडून पाहायलाच हवं.

चुकीच्या ऑडिओवर सराव आणि टक्क्यांचं समाधान

स्वतःच अहवाल वाचून रेकॉर्ड करायचा आणि स्वतःच टाईप करायचा, याने बोटांना व्यायाम होतो, कानाला नाही. शब्द आधीच माहीत असतो. यंत्राच्या आवाजात वाचून घेतलं तर तो इतका स्वच्छ असतो की खऱ्या डिक्टेशनची काहीच कल्पना येत नाही. तिथे कागद फडफडतात, मध्येच कुणाशी तरी बोलणं होतं, वाक्य अर्धवट सुटतं. सोबत शिकणाऱ्या कुणाशी रेकॉर्डिंगची अदलाबदल करा, एकमेकांना न दाखवलेले नमुना अहवाल भरभर, पुटपुटत वाचायला सांगा. नमुना अहवाल इंटरनेटवर मिळतात, पण त्यांतही चुका असतात, म्हणून उत्तरपत्रिका म्हणून डोळे झाकून वापरू नका. आणि एका वेळी एकच शाखा घ्या. हृदयविकाराचे अहवाल सलग केलेत की त्यातली ठरलेली वाक्यं कानात बसतात, रोज वेगळी शाखा घेतली तर काहीच बसत नाही.

तपासताना फक्त टक्केवारी काढू नका. ४०० शब्दांच्या अहवालात ९९ टक्के म्हणजे चार शब्द चुकले. चार स्वल्पविराम चुकणं आणि एक डोस चुकणं यांची बरोबरी होत नाही. वहीत चुकांचे रकाने करा: औषध, आकडा, गळलेला शब्द, चुकीचं ऐकलेलं, स्पेलिंग, विरामचिन्ह. थोड्याच दिवसांत एक रकाना बाकीच्यांपेक्षा लांब झालेला दिसेल, पुढचा सराव त्यावर करा. टाईप करून झालं की एकदा ऑडिओसह पूर्ण ताडा आणि एकदा ऑडिओ बंद करून नुसतं वाचा. दुसऱ्या वाचनात कानाच्या नाही, अर्थाच्या चुका सापडतात.

यंत्राने लिहिलंय म्हणून विश्वास ठेवणं

आता बरंचसं काम यंत्राने ऐकून लिहिलेला मसुदा दुरुस्त करण्याचं असतं. २०१८ साली ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात २१७ नोंदी तपासल्या होत्या. यंत्राच्या कच्च्या मसुद्यात दर १०० शब्दांमागे ७.४ चुका होत्या, ट्रान्सक्रिप्शनिस्टने तपासल्यावर त्या ०.४ वर आल्या. हा फरक म्हणजेच तुमचं काम. अडचण अशी की छापील दिसणाऱ्या मजकुरावरून डोळा घसरत जातो आणि जे लिहिलंय तेच कानाला ऐकू यायला लागतं. त्यामुळे औषध किंवा आकडा आला की आधी ऐका, मनात उच्चारा, मग स्क्रीनकडे बघा. नवख्याने निम्मा सराव तरी कोऱ्या पानावर करावा, नाहीतर स्वतःचा कान तयारच होत नाही.

शेवटी एक गोष्ट सरावातही सूट न देण्याची. ओळखीतून एखाद्या खऱ्या रुग्णाचं रेकॉर्डिंग मिळालं तर ते घेऊ नका, आणि कुठलंही खरं डिक्टेशन मोफत ऑनलाइन साधनांवर चढवू नका. नाव काढून टाकलं तरी तारीख, वय आणि दुर्मिळ आजार एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याखाली तिथल्या रुग्णांच्या माहितीचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनाही गोपनीयतेचा करार करावा लागतो, इतर देशांतही आपापले कायदे आहेत. सराव संपला की फायली पुसून टाकायची सवय आत्तापासूनच लावा.