सीडीच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापताना

गाण्याच्या कार्यक्रमानंतर सभागृहाबाहेरच्या टेबलावर अजूनही सीडी विकल्या जातात, पण त्या घेणाऱ्या अनेकांच्या घरी सीडी वाजवण्याचे साधनच आता उरलेले नसते. अशा श्रोत्याला वेष्टनावरून थेट गाण्यापर्यंत आणि गीतांच्या शब्दांपर्यंत नेण्याचे काम क्यूआर कोड करू शकतो. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ मध्ये जपानमध्ये मासाहिरो हारा यांनी तो घडवला. आज तो भाजीच्या गाडीवरही टांगलेला असल्यामुळे कसा वापरायचा हे कोणाला शिकवावे लागत नाही.

सुरुवात मात्र कोडपासून नव्हे, त्यात भरायच्या वेब-पत्त्यापासून करावी. छापलेला कोड बदलता येत नाही, आणि सीडी कपाटात वीस वर्षे राहू शकते. म्हणून कोडमध्ये एखाद्या संगीत ॲपचा किंवा फुकट दुवे आखूड करून देणाऱ्या सेवेचा पत्ता न घालता स्वतःच्या नावाने घेतलेल्या डोमेनवरील, म्हणजे स्वतःच्या संकेतस्थळाच्या पत्त्यावरील, एक पान द्यावे आणि ॲपचे दुवे त्या पानावर ठेवावेत. ॲप बंद पडले तरी पान दुरुस्त करता येते. वेष्टन येत नाही.

पत्ता आखूड आणि रोमन लिपीत असावा. देवनागरी पत्ता दिसायला सुंदर असला तरी दुव्यात उतरताना त्यातील प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होऊ शकतात, म्हणजे ‘अभंग’ एवढ्याच शब्दाची छत्तीस. याचा परिणाम थेट छपाईवर होतो. थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची सोय असते; तिच्या मध्यम पातळीवर २५ अक्षरांचा पत्ता २५ × २५ काळ्या-पांढऱ्या घरांच्या कोडमध्ये मावतो, तर १०० अक्षरांना ४१ × ४१ घरे लागतात. कोड २० मिलिमीटर रुंद छापला, तर पहिल्यात एक घर ०.८ मिलिमीटरचे होते आणि दुसऱ्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. जुन्या फोनचा कॅमेरा तिथेच अडतो.

कोडच्या मध्यभागी गायकाचे छायाचित्र बसवण्याचा आग्रह हमखास होतो. कोडमध्ये दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात आणि सर्वांत वरची पातळी सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचन साधून देते, हे खरे. पण त्यासाठी घरे वाढतात, आणि ती राखीव ताकद ओरखड्यांसाठी ठेवलेली बरी. छायाचित्राला मुखपृष्ठ आहेच.

आता जागा. मागच्या बाजूला छापलेला कोड विकत न घेताही स्कॅन होतो, म्हणून तिथे गाण्यांची झलक द्यावी. १२० मिलिमीटरच्या पुस्तिकेत मात्र बारीक टाइपात कोंबावे लागणारे सगळे, म्हणजे पूर्ण शब्द, रागांची नावे, साथीदारांची ओळख, आत छापलेल्या दुसऱ्या कोडमागे मोकळेपणाने मांडता येते. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटली नसतील, तर शब्द पानावर देण्यापूर्वी हक्कधारकांची परवानगी घ्यावी. तुकोबांच्या मूळ अभंगाला ती लागत नाही.

मुद्रकाकडे कोड व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा रेखीव राहतील अशा स्वरूपात, एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइल करून पाठवावा. व्हॉट्सॲपवरून गेलेले चित्र विसकटलेल्या कडांनी परत येते. चारही बाजूंना चार-चार घरांएवढी जागा कोरी सोडावी, मांडणीकार ती ‘वाया जाते’ म्हणाला तरी. कोड घडीवर किंवा विक्रीच्या बारकोडला चिकटून नसावा. गडद कोड फिक्या पार्श्वभूमीवरच छापावा. एकदा एका मुखपृष्ठाशी जुळावा म्हणून मी मरून रंगाच्या पार्श्वभूमीवर सोनेरी कोड घेतला होता. संगणकाच्या पडद्यावर तो लगेच उघडला, छापून आल्यावर मात्र सोनेरी शाई दिव्याखाली आरशासारखी चमकली आणि फोन नुसता शोधत राहिला. शेवटी प्रत्येक प्रतीवर पांढरे स्टिकर लावत बसावे लागले.

म्हणून छपाईची मागणी देण्यापूर्वी खऱ्या मापाचे, खऱ्या कागदावरचे आणि लॅमिनेशनसह प्रूफ मागवावे, ते प्लॅस्टिकच्या डबीत घालावे आणि तीन-चार वेगवेगळ्या फोनवर, त्यात एक जुना स्वस्त फोन हवाच, मंद उजेडातही तपासावे. कोडखाली ‘शब्द आणि अर्थ इथे वाचा’ असे काय मिळेल ते सांगणारे एक वाक्य द्यावे आणि तोच पत्ता अक्षरांतही छापावा.

डोमेनचे नूतनीकरण कोणत्या तारखेला करायचे, हे गायकाखेरीज आणखी एका व्यक्तीच्या डायरीत लिहून ठेवावे.