खुब्याचं फ्रॅक्चर: नव्या जेआर-वनसाठी (पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटसाठी)

ऑर्थोला जॉइन झालात की पहिल्या काही इमर्जन्सींतच हा पेशंट भेटेल. सत्तरी ओलांडलेल्या आजी, बाथरूममध्ये घसरलेल्या, एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला. एक्स-रे यायच्या आधीच निदान बहुतेक कळलेलं असतं. फ्रॅक्चर नेमकं कुठे आहे, हे मात्र एक्स-रेच सांगतो, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डोक्याला रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या डोक्याखालच्या मानेला लगटूनच वर जातात. मान मोडून हाड सरकलं की त्या तुटतात. म्हणून वयस्कर पेशंटमध्ये सहसा स्क्रू न घालता हेमिआर्थ्रोप्लास्टी (फक्त डोकं बदलणं) करतात, आणि पेशंट आधी हिंडता-फिरता असेल तर टोटल हिप (खोबणीसकट पूर्ण सांधा बदलणं). तरुण पेशंटमध्ये मात्र स्वतःचं डोकं वाचवायला जिवाचं रान करायचं. मानेच्या फ्रॅक्चरचं गार्डनचं १९६१ चं वर्गीकरण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) लागतं. निर्णय घेताना प्रश्न एकच, सरकलंय की नाही. इंटरट्रोकँटरिकमध्ये (मानेखालच्या दोन उंचवट्यांमधल्या फ्रॅक्चरमध्ये) रक्तपुरवठा चांगला असतो, हाड जुळतं. ते वाकडं जुळू नये आणि आजी लवकर उभ्या राहाव्यात, यासाठी डीएचएस (सरकता स्क्रू आणि प्लेट) किंवा पीएफएन (हाडाच्या पोकळीत घालायचा नेल).

फ्रॅक्चर टेबलावर रिडक्शन (तुकडे जागेवर बसवणं) चालू असताना सी-आर्मच्या (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राच्या) स्क्रीनइतकंच सीनियरच्या हातांकडे बघा. आधी ट्रॅक्शन (पाय ओढून धरणं), मग पाय सावकाश आत वळवणं, गुडघ्याची वाटी छताकडे येईपर्यंत. एपी (समोरून घेतलेला एक्स-रे) छान दिसला की नव्या मुलांना सुटल्यासारखं वाटतं. लॅटरल (बाजूने घेतलेला) बघा. तिथे खालचा तुकडा मागे झुकलेला दिसतो, मांडीखाली हात देऊन तो वर उचलावा लागतो. नेल गेला की रिडक्शन आपोआप होईल, या भरवशावर कधीच राहू नका. आणि टिप-अ‍ॅपेक्स डिस्टन्स (स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शिखरापर्यंतचं अंतर) दोन्ही व्ह्यूंत मोजून बेरीज करा. २५ मिमीच्या आत असेल, तर स्क्रू डोक्यातून बाहेर येण्याची भीती बरीच कमी होते.

हे सगळं सीनियर करतील. तुमच्या हातात आहे तो वेळ. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी वर्षभरात साधारण २० ते ३० टक्के दगावतात. अंथरुणातला प्रत्येक जास्तीचा दिवस न्यूमोनिया, बेडसोर, गुठळ्या आणि भ्रम यांना वाट करून देतो. ब्रिटनमध्ये ३६ तासांत ऑपरेशनचं उद्दिष्ट ठेवतात. आपल्याकडे ते गाठायचं तर धावपळ पहिल्याच रात्री सुरू व्हायला हवी. फॅशिया इलियाका ब्लॉकसाठी (खुब्याची वेदना थांबवणाऱ्या इंजेक्शनसाठी) भूलतज्ज्ञांना विनंती करा, रक्त राखून ठेवा, ब्लड थिनर चालू आहे का ते नातेवाइकांना खोदून विचारा, जनआरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार आणायला त्यांच्यातल्या एकाला लगेच पिटाळा. निव्वळ वय झालंय म्हणून इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) दोन दिवस थांबणं मला पटत नाही. मर्मर (हृदयाचा जादा आवाज) किंवा धाप असेल तर गोष्ट वेगळी.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी राउंडला फिजिओच्या मदतीने वॉकर धरून उभं करा. आजी घाबरतात, ‘टाके तुटतील रे’ म्हणतात. वेदनाशामक आधी द्या आणि स्वतः शेजारी उभे राहा.

हाडांच्या ठिसूळपणाचे उपचार डिस्चार्ज कार्डावरून हमखास सुटतात. २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात, खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड दिलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होतं. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघायचं, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम भरून काढायचं. हेमी झालेल्या आजींनी उकिडवं बसायचं नाही, तेव्हा घरी कमोडची सोय आहे का, हे अ‍ॅडमिशनच्या दिवशीच विचारा. नसेल तर खुर्ची आणायला घरच्यांना तेवढेच दिवस मिळतात.