रिक्षाचं भाडं धरून हिशोब करा

पैसे वाचवायचे म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, बाहेरचा चहा बंद करा. आता स्टेशनबाहेरचं कटिंग बंद करून कोणाचा फ्लॅट झाल्याचं मी तरी ऐकलं नाही, त्यामुळे चहा प्या निवांत. खाली जे लिहितेय ते ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या पट्ट्यातल्या साध्या पगारदार घरासाठी आहे, महिन्याला पाचशे-हजार वाचावेत आणि जमलं तर वरचे दोन-तीन हजार यावेत, बास एवढंच.

एक नियम आधी सांगते. कुठलीही वस्तू स्वस्तात मिळाली किंवा कशाचे पैसे मिळाले की त्यात तीन गोष्टी धरायच्या, जाण्यायेण्याचं भाडं, नासाडी आणि आपला वेळ. हे तिन्ही वजा करून काही उरलं तरच ते वाचलं म्हणायचं, नाहीतर नुसती दगदग.

आपल्या एपीएमसीचंच घ्या ना. तुर्भ्याला एवढं मोठं मार्केट, कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य सगळं वेगवेगळं, आणि आपण पाच किलो कांद्यासाठी रिक्षा करून जायचं, म्हणजे किलोमागे आठ रुपये जरी कमी पडले तरी चाळीस वाचले आणि रिक्षाला दीडशे गेले. तिकडे जायचं तर गोणीच आणायची आणि गोणी एकट्याने आणायची नाही. बिल्डिंगमधली चार घरं गोळा करा, साधारण पन्नास किलोची गोणी, तोच आठ रुपयांचा फरक धरला तर चारशे वाचतात, त्यातले दीडशे भाड्याचे वजा केले की घरटी साठेक रुपये. काही फार नाही, मान्य आहे, पण त्याच फेरीत वर्षाची मिरची, हळद, धणे, गहू पण घेतले तर भाडं तेवढंच आणि वाचणारे पैसे चौपट होतात, म्हणून जायचं तर यादी करूनच जायचं.

कांदा साठवायचा असेल तर एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा घ्या, तो टिकतो. थंडीत येणारा लाल कांदा कितीही स्वस्त दिसला तरी गोणीभर उचलू नका, त्याला पाणी जास्त, कोंब येतात नाहीतर सडतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा एवढी दमट की भिंतींना ओल येते मग कांद्याचं काय घेऊन बसलात, त्यामुळे पोत्यात बांधून ठेवायचा नाही, पलंगाखाली किंवा जिथे वारा लागतो पण पाऊस येत नाही अशा कोपऱ्यात रिकामं पोतं अंथरून त्यावर एकाच थरात पसरायचा, बटाटे त्याच्या जवळ ठेवायचे नाहीत, आणि दर रविवारी सगळ्यावरून हात फिरवायचा, जो मऊ लागेल तो आधी पोह्यात. एक सडका राहिला की शेजारचे चार घेऊन जातो.

मिरचीचं पण तसंच, मार्च-एप्रिलमध्ये घ्यायची, बेडगी रंगाला आणि संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं द्यायची आणि डंकावर कुटून आणायचा मसाला. फक्त आयत्या मसाल्याशी तुलना करताना कुटायचे पैसे विसरायचे नाहीत.

लोकलच्या पासाबद्दल एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. तीन महिन्यांच्या पासाला २.७ महिन्यांचे पैसे लागतात आणि वर्षाच्या पासाला १०.८ महिन्यांचे, म्हणजे दोन्हीकडे सूट दहा टक्केच. तर मग वर्षाचे पैसे आधीच कशाला अडकवायचे, उद्या नोकरी बदलली, ऑफिस महापेवरून अंधेरीला गेलं तर काय करणार, तीन महिन्यांचा काढा, सूट तेवढीच मिळते. आणि ज्यांना आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असतं त्यांनी पास काढायच्या आधी गणित करा. सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या आसपास पडतो, त्यामुळे महिन्यातून सात-आठ दिवस जाऊन येऊन असाल तरच तो परवडतो, त्याच्या खाली तिकीटच काढा. गावाला जाताना बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे मार्च २०२३ पासून, हे माहीत सगळ्यांना असतं पण सवयीने खाजगी बसचंच बुकिंग होतं.

लाईट बिलावर जरा थांबते कारण इथे खरे पैसे आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महावितरण, त्यांचे स्लॅब १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्याच्या वर. लोकांना वाटतं १०१ युनिट झाले की सगळंच बिल महागड्या दराने लागतं, तसं नाहीये, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण याचाच उलटा फायदा असा की तुम्ही वीस युनिट वाचवले तर ते सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग युनिटांमधून कमी होतात. तर ते वीस युनिट कुठून आणायचे? पंखा बघा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरणारा पंखा असेल तर महिन्याला वीस युनिट एका पंख्यात वाचतात. आता बिल घ्या हातात, तुमच्या शेवटच्या स्लॅबचा दर बघा, त्यात वहन आकार (वीज पोचवायचा युनिटमागचा दर, बिलावरच असतो) मिळवा, वीसने गुणा आणि पंख्याच्या किमतीला त्याने भागा, किती महिन्यांत पंखा फुकट होतो ते समोर येईल. मात्र दुकानदार म्हणतो म्हणून घरातले चारही बदलू नका, हॉलमधला किंवा जिथे रात्रभर चालू असतो तेवढाच बदला, पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून पैसे या जन्मी निघणार नाहीत.

बाकी बिलातल्या बारीकसारीक गोष्टी एकदा करून ठेवायच्या आणि विसरून जायच्या. महावितरणच्या गो ग्रीन योजनेत नाव नोंदवलं की छापील बिल येत नाही आणि बिलामागे १० रुपये सूट मिळते. बिल निघाल्यावर सात दिवसांत भरलं तर साधारण एक टक्का सूट असते, बिलावर ती तारीख आणि रक्कम वेगळी छापलेली असते पण आपण बघतो फक्त शेवटची तारीख. एसी २४-२५ वर ठेवून पंखा लावा, दर डिग्रीमागे साधारण सहा टक्के वीज वाचते म्हणतात. आमच्या घरी रिमोट कोणाच्या हातात आहे त्यावर ते अवलंबून असतं, तो विषय वेगळा.

सोसायटीत कोणी कमिटीवर असेल तर त्याला पीएम सूर्यघर योजनेचं सांगा, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी सोलर लावलं तर किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे. मेंटेनन्समध्ये कॉमन लाईटचा आकडा किती आहे ते बघा आधी, मग मिटिंगमध्ये विषय काढा. काढला की दोन काका विरोध करणार, ते धरून चला.

रद्दी. रद्दीवाला भावात नाही, काट्यात मारतो. घरात सीलबंद दहा किलोची तांदळाची किंवा पाच किलोची आट्याची पिशवी असते ना, ती आधी त्याच्या काट्याला लावायला सांगायची. भांडायची गरजच पडत नाही, काटा किती खोटं बोलतो ते त्यालाही दिसतं आणि तुम्हालाही, मग तो स्वतःच म्हणतो ताई जाऊ द्या, राऊंड फिगर घ्या. पुठ्ठा, लोखंड आणि कागद वेगळं वेगळं मोजून घ्यायचं, सगळं एकत्र टाकलं की सगळ्यात कमी भाव लागतो.

आता फुकटातले पैसे. सासऱ्यांची किंवा वडिलांची जुनी पासबुकं कपाटात असतील तर ती काढा. दहा वर्षं हात न लावलेल्या खात्यातले पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या फंडात भरतात, पण ते बुडत नाहीत, वारसांना मिळतात. रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, २०२३ मध्ये सुरू झालं, त्यात नाव टाकून बऱ्याच बँकांमध्ये एकदम शोधता येतं, सापडलं की कागदपत्रं घेऊन बँकेत जायचं. आणि शोधायच्याच मूडमध्ये असाल तर आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून बघा, कुठल्या कुठल्या ॲपला दर महिन्याला पैसे कापायची परवानगी देऊन ठेवलीय ते तिथे दिसतं. वर्ल्डकपच्या वेळी घेतलेलं काहीतरी अजून चालू असतं.

हे जे वाचेल ते त्याच दिवशी बाजूला टाका. खात्यात पडून राहिलं की ते वाचलेलं नसतं, उशिरा खर्च होणार असतं एवढंच. पोस्टात आरडी महिना १०० रुपयांपासून उघडता येते, पाच वर्षांची असते. भिशी चांगलीच आहे पण ती ओळखीच्यांतच, बिल्डिंग बदलून गेलेल्या बाईंकडे हप्ता राहिला तर दाद मागायला कुठे जाणार.

कमाईकडे येऊ. एप्रिल आला की आपल्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये एकजण तरी गावच्या हापूसच्या पेट्या विकायला काढतो आणि सीझन संपल्यावर म्हणतो फार काही सुटलं नाही. का सुटलं नाही ते बघा. समजा पाच डझनाची पेटी घरपोच भाडं धरून २६५० ला पडली. हा माणूस भागाकार करतो, ५३० ला डझन पडला, चला ५५० ला देऊ, डझनाला वीस रुपये सुटले. पण साठातले चार तरी डागी किंवा दबलेले निघतात, म्हणजे विकायला उरले ५६, आणि ५५० च्या दराने ५६ आंब्यांचे होतात २५६६ रुपये. म्हणजे पेटीमागे ऐंशीच्या वर रुपये खिशातून गेले आणि वर घरभर पेंढा! खरा डझन त्याला ५६८ ला पडला होता. त्यामुळे भाव ठरवताना आधी नासाडी वजा करायची, मग भागाकार, मग त्यावर आपली मेहनत. ऑर्डर आधी घ्यायची, निम्मे पैसे आधी, आणि पेटी उघडून गिऱ्हाईकासमोर द्यायची म्हणजे दोन दिवसांनी "तुमचे दोन खराब निघाले" हा फोन येत नाही. कर्नाटकचा माल हापूस म्हणून खपवू नका, हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क, मिळालाय तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या आंब्याला, आणि कोकणातल्या माणसाला वासावरून कळतं.

पोळ्यांच्या ऑर्डरला आपल्याकडे मरण नाही, ऐरोली-घणसोलीला आयटीतली पोरंपोरी भाड्याने राहतात, भाजी कशीतरी करतात पण पोळी येत नाही. एक किलो पिठाच्या मध्यम पोळ्या साधारण तीस होतात. पीठ ४५, तेल १५, गॅस १५, फॉइल-पिशवी १५ धरा, नव्वद झाले, म्हणजे पोळी तीन रुपयांना पडली. आठ रुपयांनी दिली तर तीस पोळ्यांमागे दीडशे सुटतात. चांगलं आहे. पण त्याच जर दोन सेक्टर पलीकडे रिक्षाने पोचवल्या आणि येऊन जाऊन साठ गेले तर उरले नव्वद, आणि मळण्यापासून पोचवण्यापर्यंत दोन तास गेले. म्हणून पहिला महिना फक्त आपल्या आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या ऑर्डरी घ्या, नाहीतर घेऊन जायला या म्हणायचं, लाजायचं नाही. फराळाचं पण तेच तत्त्व, शंकरपाळी आणि चिवडा भराभर होतो, चकली-करंजीला वेळ फार, तर किलोचा भाव सामानावरून न काढता वेळेवरून काढा. आणि नातेवाईकांना भाव आधीच सांगा, नंतर सांगणं अवघड होतं. शिवणकाम येत असेल तर लग्नसराईत फॉल-पिको आणि ब्लाउज उसवून बसवायचं काम धरा, गिऱ्हाईक दारात येतं, भाडं शून्य, नासाडी शून्य.

खायचं काही विकणार असाल तर एफएसएसएआय, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी करून घ्या. घरगुती धंद्याला मोठं लायसन लागत नाही, साधी नोंदणी पुरते, फॉस्कॉस पोर्टलवर होते आणि फी वर्षाला शंभर रुपये. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी तर पूर्ण फुकट आहे. ही दोन्ही काढून द्यायचे कोणी दोन हजार मागत असेल तर बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या पोराला वडापाव खाऊ घाला, तो तासाभरात करून देईल.

आणि घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, व्हिडिओ लाईक करा दिवसाला दोन हजार मिळवा, असले मेसेज आले की डिलीट. काम द्यायच्या आधी डिपॉझिट किंवा रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले की समजून जायचं. या लाईकवाल्यांचं तर ठरलेलंच, पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच देतात, माणूस खूश, मग प्रीपेड टास्कच्या नावाखाली पाच हजार भरायला लावतात, मग वीस. जुना सोफा-फ्रीज ऑनलाइन विकायला टाकला की पण लगेच एक फोन येतो, मी आर्मीत आहे, बघायला येऊ शकत नाही, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआय पिन पण टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले. गेलेच तर नवऱ्याला काय सांगू या विचारात बसू नका, तिथल्या तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, व्यवहाराचा नंबर आणि वेळ हाताशी ठेवा, लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवून धरता येतात, दुसऱ्या दिवसापर्यंत ते चार-पाच खाती फिरून गेलेले असतात.