प्यायला नर्मदा, सोडायला कान्ह: मुलांना पाणलोट शिकवताना या चुका टाळा

इंदूरमधल्या तिसरीच्या कुठल्याही मुलाला विचारा, नळाला पाणी कुठून येतं? "नर्मदेतून!" हे लगेच येतं. मग मोरीतलं कुठे जातं? "गटारात." आणि गटार? इथे सगळा वर्ग गप्प. रामबागेतल्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात पहिली दोन वर्षं मी हा पुढचा प्रश्न विचारलाच नव्हता.

व्याख्येने सुरुवात

'पाणलोट क्षेत्र म्हणजे...' असं फळ्यावर लिहिलं की मुलं ते वहीत उतरवतात आणि विषय तिथेच मिटतो. त्यापेक्षा फळ्यावर घराच्या छपराचं आढं, म्हणजे वरची कड काढा. आढ्याच्या एका अंगाला पडलेल्या पावसाची पागोळी अंगणात, दुसऱ्या अंगाची परसात. तसंच, जेवढ्या भागातलं पाणी एकाच नदीला मिळतं, तो सगळा भाग तिचं पाणलोट क्षेत्र. महूजवळचा जानापाव डोंगर म्हणजे आपल्या भागाचं आढंच. तिथून चंबळ उत्तरेला निघते, दक्षिण उताराचं पाणी नर्मदेला मिळतं.

आता खरी गंमत. १९७८ पासून आपण नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, नर्मदेचं पाणी पंपांनी घाट चढवून आणतो, वापरतो आणि आढ्याच्या पलीकडे सोडतो. आधी इंदूरमधली कान्ह नदी, मग क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा. अरबी समुद्राला निघालेलं पाणी बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतं. एका मुलीने विचारलं, "ताई, नर्मदेला हे माहीत आहे का?" मी खडू शोधायला लागले.

पहिल्याच दिवशी नदीवर

कान्हच्या काठी कृष्णपुरा छत्र्यांपाशी मुलांना नेलं. सगळ्यांनी नाकं दाबली, 'शी' म्हटलं, परत आलो. त्यांच्या लेखी तो नालाच राहिला. आधी शाळेच्या आवारातलं पाणी कुठून कुठे वाहतं ते खडूच्या बाणांनी दाखवू द्या, मग गल्ली, मग नदी. आणि सहल पावसाळ्यानंतरच. भर पावसात काठावर मुलं नेऊ नयेत.

प्रयोग उलटा पडतो तेव्हा

पाला आणि गवत माती कशी धरून ठेवतात ते दाखवणारा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे: तीन प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या ठेवून वरून कापायच्या. एकीत नुसती माती, दुसरीत मातीवर वाळका पाला, तिसरीत हरळी. वरून पाणी घालायचं, बाटलीच्या तोंडाखाली ग्लास धरायचा. माझ्या पहिल्या प्रयोगात एकाही ग्लासात थेंब आला नाही. मुलांनी निष्कर्षही काढला: झाडं नसली तरी चालतं, माती सगळं पिते!

दोष आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचा नाही, माझ्या घाईचा होता. ही माती वाळली की भेगाळते आणि सुरुवातीचं पाणी भेगांत जातं. भिजली की फुगते, भेगा मिटतात. म्हणून आदल्या दिवशी तिन्ही बाटल्यांत सारखंच पाणी घालून माती भिजवून ठेवा. हरळी तीन आठवडे आधी लावा. उपटून आणून वर ठेवलेली हरळी मातीसकट घसरते. उतारासाठी बाटलीच्या बुडाखाली एक डस्टर पुरे. वीट ठेवली तर तिन्हींतून सारखाच लोंढा येतो. पाणी तांब्याने नको, झारीने, एकाच उंचीवरून. शेवटी ग्लासांमागे वर्तमानपत्र धरा आणि कोणत्या ग्लासातून अक्षरं वाचता येतात ते मुलांनाच ठरवू द्या.

पाणी उतारावरून कसं वाहतं ते दाखवायला चुरगळलेल्या कागदाचा डोंगर करून वर पाणी शिंपडणार असाल, तर नद्या बॉलपेनने काढू नका. ती शाई वाहत नाही. पाण्यात विरघळणारं स्केचपेन घ्या.

'नळ बंद करा' म्हणजेच पाणलोट

पाणी जपून वापरणं चांगलंच, पण तो वेगळा धडा. दोन्ही एकत्र केले की मुलं घरी जाऊन आजीला ओटा धुण्यावरून दटावतात (माझ्याकडे तक्रार आली आहे) आणि रंगपंचमीचा उरलेला रंग मात्र गटारात ओततात. पाणलोटाचा धडा म्हणजे पाऊस जमिनीवरून कुठे जातो आणि जाताना काय काय सोबत नेतो ते. त्यामुळे मुलांच्या हातातली कामं निराळी: पावसाआधी गटाराच्या जाळीवरचा पाला-प्लास्टिक मोठ्यांसोबत काढणं, आवारातल्या झाडाच्या बुंध्याला फरशांनी झाकलेलं आळं मोकळं करून मागणं.

गणित टाळणं

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चौथीला एवढं जमतं. गच्ची २०० चौरस मीटर धरली आणि पाऊस १० मिलिमीटर, तर २,००० लिटर, म्हणजे २० लिटरच्या १०० बादल्या. फळ्यावर हे झालं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण उठून गच्चीचा पाइप कुठे जातो ते बघायला गेला. परत आला आणि म्हणाला, "ताई, सरळ गटारात."