घरची आरागिरणी: पहिला ओंडका यायच्या आधी

बांधावरचा आंबा वठला की आपल्याकडे त्याचं पुढे काय होणार हे ठरलेलं असतं. लाकूडतोडे येतात, उभ्या झाडाचा उक्ता भाव करतात आणि दोन दिवसांत ट्रॉलीभर सरपण निघून जातं. माझ्या आजोबांनी लावलेल्या दोन आंब्यांचं असंच झालं. त्यातल्या एकाचा बुंधा कवेत मावत नव्हता. त्यातून घरचा देव्हारा झाला असता, जेवणाचं टेबल झालं असतं, नातवंडांना पाट झाले असते. तो वीटभट्टीत जळाला, आणि ते मला आजही सलतं. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे मळ्यातल्या घरामागे ओंडक्यांच्या फळ्या पाडणारी छोटी, हलवता येणारी आरागिरणी उभी करायचं तेव्हाच ठरवलं.

कागद, जागा, वीज आणि शेड यांत वर्षाहून जास्त गेलं. यंत्र जोडायला दोन दिवस लागले. म्हणून मला कुणी विचारलं की मी तयारी याच क्रमानं सांगतो: यंत्र सर्वांत शेवटी.

पहिला कागद आरागिरणीचा. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये जंगलतोडीला लगाम घातला आणि 4 मार्च 1997 च्या आदेशानं महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या ताबडतोब बंद करायला लावल्या. आता 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नव्या लाकूडउद्योगाचा विषय राज्यस्तरीय समितीकडे जातो. गिरणी चाकांवर आहे, घरापुरती आहे, म्हणून ती यातून सुटते असं धरून चालू नका. आपली जागा नाशिक पूर्व वन विभागात येते की पश्चिम, हे पाहून तिथे लेखी अर्ज द्या. त्यात यंत्राचा प्रकार, मोटारीची ताकद, कोणतं लाकूड कापणार, जागेचा गट नंबर आणि वनहद्दीपासूनचं अंतर लिहा, आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी ‘चालतंय हो’वर एक रुपया खर्च करू नका. पेठ-सुरगाण्याच्या सागाचं जंगल आपल्याला लागून आहे. वनखात्याची नजर कडक असते आणि ती असायलाच हवी.

दुसरा कागद झाडाचा. शेतातलं झाड आपलं असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या अनुसूचीतली झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, चंदन, खैर तर आहेतच, पण आंबा, चिंच, जांभूळ, फणस आणि मोहही त्या यादीत आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मनपा हद्दीत 1975 चा वेगळा कायदा लागतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर तिथलं पन्नास वर्षांच्या वरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. लाकूड रस्त्यावरून आणायचं असेल तर वाहतूक परवान्याचीही चौकशी आधीच करून ठेवा. मी प्रत्येक ओंडक्याची एक वही ठेवली आहे. झाड कुठलं, कधी पडलं, परवानगीचा क्रमांक काय, त्यातून किती फळ्या निघाल्या, सगळं त्यात आहे. कुणी दारात आलं की ती वही पुढे करतो.

आता जागा. इथे मी चुकलो, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्या मळ्यांची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मार्चनंतर भेगाळते. मी उन्हाळ्यात, टणक वाटणाऱ्या जमिनीवर खडी पसरून त्यावर गिरणीचे रूळ मांडले, ज्यांवरून करवत पुढे सरकते. सहा मीटर रूळ, पाणसळ लावून केसभरही फरक नाही. जुलैत एक आंब्याची फळी कापली, हातात घेतली आणि काहीतरी खटकलं. एका टोकाला एक इंच, दुसऱ्या टोकाला सव्वा इंच. खालची माती फुगून मधला आधार वर आला होता. सगळं उचलावं लागलं. दोन फूट काळी माती काढून टाकली, मुरूम थराथरानं टाकला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस केला आणि वर सिमेंटचे ठोकळे बसवले. रुळांखाली फिरवता येणारे स्क्रूचे पाय ठेवले, म्हणजे फरक पडला की जागच्या जागी काढता येतो. पाणसळ छोटी असेल तर तिच्यावर विसंबू नका. गवंड्याची पाण्याची नळी घ्या आणि रूळभर ताणून सुतळी लावा. पहिल्या दमदार पावसानंतर पुन्हा तपासा. चारही बाजूंनी चर खणून पाणी बाहेर काढा.

वाऱ्याचाही विचार करा. आपल्याकडे उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून गिरणीच्या पूर्वेला घराची खिडकी, गोठा किंवा शेजाऱ्याची बाग नसावी. द्राक्षाच्या हंगामात तर फारच जपा. मण्यांवरचा पांढुरका थर पुसला गेला किंवा घडांत भुसा बसला तर त्या माणसाच्या वर्षभराच्या कष्टांचं नुकसान होतं. जानेवारी ते मार्च मी बागेकडच्या बाजूला शेडनेटचा पडदा लावतो, आणि शेजारच्या भाऊंकडे घडांची काढणी असली की यंत्र बंदच ठेवतो.

विजेचं थोडक्यात: शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी चालवू नका. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीला थ्री फेज वेगळी जोडणी, मोटार झटका न देता सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर आणि चांगलं अर्थिंग लागतं. विजेचा भरवसा नसेल तर पेट्रोल इंजिनाचं यंत्र घ्या. आवाज आणि खर्च वाढतो, पण ओंडका जिथे पडला तिथे यंत्र नेता येतं.

यंत्र निवडताना करवत किती लाकूड खाते हे पाहा. चेनसॉला चौकट लावून फळ्या पाडता येतात, सुरुवात स्वस्तात होते, पण तिचा काप आठ मिलिमीटरच्या आसपास जातो. पट्ट्याच्या करवतीचा काप दोन मिलिमीटर. दहा काप घेतले तर चेनसॉ तीन इंचांहून जास्त लाकडाचा भुसा करते, पट्ट्याची करवत पाऊण इंच. आंबा किंवा शिसव असेल तर हा फरक मनाला लागतो. सव्वा इंच रुंदीची ब्लेड छोट्या गिरण्यांना चालतात. बाभूळ, चिंच असं कठीण लाकूड असेल तर दातांचा पुढचा झुकाव कमी असलेलं ब्लेड मागा, आंब्याला नेहमीचं दहा अंशांचं पुरतं. एका ब्लेडवर कधीच सुरुवात करू नका. निदान सहा जवळ ठेवा आणि धार लावून दातांना सेट देणारा, म्हणजे दात डावी-उजवीकडे किंचित वाकवणारा माणूस आधी शोधा. आपल्याकडे तो वखारीच्या आसपास सापडतो.

ओंडक्याचं वजन कमी लेखू नका. आठ फूट लांब, अठ्ठेचाळीस इंच घेराचा ओला आंबा तीनशे किलोच्या जवळ जातो. वखारीत त्याचं माप घेराच्या पाव भागानं काढतात: बारा गुणिले बारा गुणिले आठ, भागिले एकशे चव्वेचाळीस, म्हणजे आठ घनफूट. प्रत्यक्षात त्यात दहा घनफुटांहून थोडं जास्तच लाकूड असतं. ही रीत साल आणि वाया जाणारा भाग गृहीत धरून चालत आली आहे. ओंडका विकत घेताना आणि विकताना कोणत्या मापानं बोलणं चाललंय ते आधी ठरवा. फळ्यांत निम्म्याहून थोडं जास्त हाती लागलं तर समाधान माना. चढवायला दोन मजबूत बल्ल्यांचा उतार, दोन पहारी, लाकडी पाचरी आणि एक टनाची चेन पुली एवढं हवंच. ओंडका चढत असताना उताराच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, पोरं तर अंगणातच नकोत.

आणि धातू. गावातले सुतार आबा पहिला ओंडका बघायला आले, तेव्हा त्यांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. ओंडक्याभोवती चक्कर मारली, सालीवरून हात फिरवला आणि एका फुगीर वळ्यावर बोट ठेवून म्हणाले, “भाऊ, इथं तार हाय. आधी तार शोध, मंग करवत लाव.” मला तिथे काहीच दिसत नव्हतं. आबांनी वाकस घेऊन दोन बोटं खोल ढलप्या काढल्या, तशी निळसर काळी रेघ दिसली आणि तिच्या टोकाला गंजलेली काटेरी तार. बांधावरच्या झाडाला कधीकाळी कुंपण बांधलेलं असतं, झाड ते गिळून टाकतं. आंबा, बाभूळ, चिंच यांच्या लाकडातला टॅनिन, म्हणजे तुरट अंश, लोखंडाला भेटला की तो काळा डाग पडतो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर असा डाग दिसला की समजा, जवळपास लोखंड आहे. रस्त्याकडेच्या कडुनिंबात जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे असतात, मळ्यातल्या झाडांत द्राक्षमांडवाच्या तारा, आणि नाशकातल्या जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळयांत हातानं घडवलेले खिळे. असं जुनं सागवान फार मोलाचं, पण ते कापायच्या आधी हाती धरायचा मेटल डिटेक्टर घ्याच. एका ब्लेडची किंमत वाचली तरी त्याचे निम्मे पैसे वसूल होतात. साल चिखलानं माखली असेल तर धुऊन काढा किंवा कुऱ्हाडीनं सोला. वाळूमाती ब्लेडची धार अर्ध्या तासात घालवते.

कापणीच्या आधी सुकवायची जागा तयार हवी, कारण फळी निघाली की घड्याळ चालू होतं. आंब्याचं लाकूड पडून राहिलं की त्यावर बुरशीचे निळे डाग येतात आणि पांढऱ्या भागात भुंग्याची पूड पडायला लागते. म्हणून आंबा हिवाळ्यात पाडा आणि होईल तितक्या लवकर कापा. ओल्या फळ्या बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून, मग काही दिवस झाकून ठेवल्या की औषध आतपर्यंत मुरतं. प्रमाण एकाला दीड, बोरॅक्स जास्त. हे औषध पावसात धुऊन जातं, म्हणून अशी फळी घरातल्याच कामाला. निलगिरीचा स्वभाव उलटा. तिच्या अंगात ताण असतो, करवत फिरली की फळी धनुष्यासारखी वाकते आणि टोकांना उलते. ओंडका एका बाजूनं सलग न कापता पालटत पालटत कापा, आणि टोकांना कापायच्या आधीच रंग किंवा मेण फासा.

थप्पी जमिनीपासून दीड फूट वर, सरळ आधारांवर. दोन फळ्यांमध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दर दीड फुटावर, आणि त्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत. एक पट्टी दोन बोटं सरकली तरी फळी तिथेच वाकते. मी हे आंब्याच्या सहा फळ्यांवर शिकलो. वर पत्रा, त्यावर दगडांचं वजन, आणि उन्हाच्या बाजूला शेडनेट. एप्रिल-मेचा कोरडा वारा फळीच्या टोकांना तडे पाडतो, त्या दिवसांत मी थप्पीला गोणपाटाचा आडोसा देतो. सुकलं की नाही हे कळायला मीटर नसेल तर एक फळी भाजीच्या काट्यावर दर रविवारी तोला आणि वजन वहीत लिहा. तीन-चार आठवडे वजन हललं नाही की ती फळी आपल्या हवेला जुळली. इंचभर जाडीला वर्ष धरा. आपल्या कोरड्या हवेत आंब्याला कमीही लागतं, पण पावसाळ्यात घाई करू नका.

अंगावर काय, हेही यादीत धरा: एन-95 मास्क, कानांना मफ, डोळ्यांना गॉगल, पायाच्या बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मान्य केलेलं आहे, म्हणून तोंडाला रुमाल बांधून भागवू नका. गुंडाळलेलं ब्लेड सोडताना ते सापासारखं उसळतं. हातमोजे घाला आणि दोन्ही हात लांब करून अंगापासून दूर सोडा. चालू यंत्राजवळ मात्र सैल हातमोजे, ओढणी, लांब बाह्या नकोत. झाकण उघडायच्या आधी मेन स्विच बंद, चावी खिशात. भुसा रोजच्या रोज उचला. कोंबड्यांच्या शेडला तो हातोहात जातो, फक्त त्यात बोरॅक्सचं लाकूड मिसळू देऊ नका.

एवढं झालं की पहिला ओंडका निवडा, आणि तो चांगला आंबा नसावा. सुबाभूळ किंवा सरपणाच्या ढिगातला सरळ शेवगा घ्या, ज्याचं काही बिघडलं तरी जीव तुटणार नाही. त्याच्या चार फळ्या काढा आणि प्रत्येक फळी चार कोपऱ्यांत आणि मध्ये दोन ठिकाणी मोजा. सहाही मापं एक मिलिमीटरच्या आत आली तरच तुमच्या आजोबांनी लावलेल्या झाडाचा ओंडका रुळावर चढवा.