टॅरोच्या पत्त्यातले चित्र कसे वाचावे

टॅरो, म्हणजे भविष्यकथनासाठी वापरले जाणारे चित्रांचे पत्ते, शिकू लागलेली व्यक्ती पत्ता उलटते आणि लगेच सोबतच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ शोधू लागते. पुस्तिकेत प्रत्येक पत्त्यापुढे चार-पाच शब्द दिलेले असतात आणि ते पाठही होतात. पण ७८ पत्त्यांचे असे शब्द पाठ झाल्यावरही, समोर तीन पत्ते मांडले की त्यांतून सलग असे काही हाती लागत नाही, कारण एका पत्त्याला दुसऱ्याशी जोडणारे धागे त्या शब्दांत नसतात, ते चित्रांत असतात. म्हणून या लेखात अर्थांची यादी दिलेली नाही. चित्र कसे पाहावे आणि त्यातली चिन्हे कुठून आली, हे उदाहरणे घेऊन सांगितले आहे.

उदाहरणे ज्या संचातली आहेत तो रायडर-वेट-स्मिथ या नावाने ओळखला जातो. १९०९च्या अखेरीस लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो प्रसिद्ध केला. संकल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. दोघेही ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाचे सभासद होते. पामेला यांनी हे सगळे काम काही महिन्यांत उरकले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात, काम मोठे होते आणि पैसे फारच थोडे मिळाले, असे कळवले. कितीतरी वर्षे या संचाच्या नावात प्रकाशकाचे आणि वेट यांचेच नाव होते, चित्रकर्तीचे नव्हते. चित्र वाचायला बसणाऱ्याने तिचे नाव आधी घ्यावे, असे मला मनापासून वाटते. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात भिंग धरून पाहिले तर तिच्या आद्याक्षरांची वेलीसारखी गुंफलेली सही सापडते.

टॅरो मुळात खेळायचे पत्ते होते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा यांसारख्या दरबारांत, हुकमाच्या डावासाठी ते रंगवले गेले. भविष्यकथनाशी त्यांची गाठ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पडली. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने हे पत्ते प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा अवशेष असल्याचे लिहिले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती आणि पुढे ती वाचता आल्यावरही या म्हणण्याला आधार मिळाला नाही. हा इतिहास ठाऊक असणे अर्थ लावताना उपयोगी पडते, कारण पत्त्यातली बरीच चिन्हे इजिप्तच्या देवळांपेक्षा युरोपातल्या चर्चच्या भिंतींवर आणि बायबलच्या पानांत लवकर सापडतात.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळू. पहिल्या पाच मिनिटांत अर्थाचा एकही शब्द उच्चारायचा नाही. जे दिसते ते, अंध व्यक्तीला चित्र सांगावे तसे, सांगायचे. ‘सिक्स ऑफ स्वॉर्ड्स’ घ्या. एक नाव आहे. मागे उभा राहून नावाडी बांबूने ती पुढे रेटतो आहे. नावेत अंगभर पांघरून, मान खाली घालून बसलेली एक व्यक्ती आहे, तिच्या शेजारी एक मूल आहे आणि दोघांची पाठ आपल्याकडे असल्यामुळे चेहरे दिसत नाहीत. पुढच्या भागात सहा तलवारी उभ्या रोवलेल्या आहेत. नावेच्या एका बाजूच्या पाण्यावर लाटांच्या रेघा आहेत, तर पलीकडचे पाणी सपाट आहे. समोर दूर किनारा आणि झाडे दिसतात. एवढे सांगून झाल्यावर ‘स्थित्यंतर’ हा पुस्तिकेतला शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. शिवाय चित्र त्या शब्दाहून अधिक सांगते: खळबळीतून शांततेकडे जाणारी माणसे दुःख मागे टाकून निघालेली नाहीत, तलवारी त्यांच्याच नावेत आहेत. आमच्या अभ्यासगटातल्या एका ताईंनी एकदा हा पत्ता पाहून, त्या तलवारी आत्ताच उपटल्या तर तळाला भोके पडतील आणि नाव बुडेल, असे म्हटले होते. जखम भरायच्या आधी ती विसरण्याची घाई करू नये, हे मला त्या दिवशी त्या चित्रातून समजले, आणि कुठल्याही पुस्तिकेत ते लिहिलेले नव्हते.

चित्र सांगताना मधल्या माणसावर नजर खिळून राहते, ती मुद्दाम कडेकडेने फिरवावी. पात्र कुठे पाहते, हात कुठे आहेत, पाय मोकळे आहेत का, पाणी वाहते आहे की थिजलेले, आकाशाचा रंग काय, मागे घर, किल्ला किंवा डोंगर आहे का, आणि तिकडे जायला वाट आहे का? ‘एट ऑफ स्वॉर्ड्स’मधली बाई बांधलेली आहे आणि तिचे डोळेही बांधलेले आहेत, एवढे सगळ्यांना दिसते, तिचे पाय मोकळे आहेत आणि तलवारींचे कुंपण चहूबाजूंनी बंद नाही, हे सावकाश पाहणाऱ्यालाच दिसते. रंगांच्या बाबतीत मात्र जपून राहावे. हा संच गेल्या शतकभरात अनेकदा नव्याने छापला गेला आणि आवृत्तीगणिक छटा बदलल्या आहेत, त्यामुळे अंगरखा करडा की निळसर एवढ्यावरच अर्थाचा डोलारा उभा करू नये. रेषा अधिक भरवशाच्या आहेत.

दुसरी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिला एक निवांत दुपार द्यावी लागते. सगळे ७८ पत्ते जमिनीवर मांडावेत आणि एकच वस्तू असलेले पत्ते वेगळे काढावेत. पांढरा गुलाब शोधला तर तो ‘द फूल’च्या, म्हणजे कड्याच्या टोकाशी बेफिकीर उभ्या असलेल्या तरुणाच्या हातात सापडतो आणि नंतर ‘डेथ’च्या काळ्या झेंड्यावर. पांढरा घोडा ‘डेथ’मधल्या सांगाड्याच्या खाली आहे आणि ‘द सन’मधल्या उघड्या बाळाच्या खालीही. लाल पीस त्या तरुणाच्या टोपीत आहे, सांगाड्याच्या शिरस्त्राणावर आहे आणि बाळाच्या डोक्यावरही आहे. ‘डेथ’च्या पार्श्वभूमीवर क्षितिजाशी दोन बुरूज आणि त्यांच्या मधोमध सूर्य दिसतो, तेच दोन बुरूज ‘द मून’मध्ये जवळ आलेले असतात आणि त्यांच्यामधून वाट पुढे डोंगराकडे जाते. हे पत्ते एका ओळीत ठेवले की ‘डेथ’ हा पत्ता शेवटाचा राहत नाही, निष्पाप सुरुवातीला पुन्हा सूर्यापर्यंत नेणाऱ्या वाटेवरचा एक टप्पा ठरतो. प्रत्यक्ष मृत्यू असा या पत्त्याचा अर्थ घेऊ नये असे शिक्षक सांगतात; त्यामागचे कारण चित्रातच असे मांडलेले आहे. राजा आडवा पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणीने तोंड फिरवले आहे आणि लहान मूल मात्र त्या घोड्याकडे सरळ पाहते आहे. चौघांच्या चार तऱ्हा आहेत, आणि आपण सध्या त्यांतल्या कुणासारखे वागत आहोत, हा प्रश्न हा पत्ता आल्यावर विचारता येतो.

अशीच आणखी एक जोडी पाहण्यासारखी आहे. ‘द लव्हर्स’मध्ये वर देवदूत आहे, खाली पुरुष आणि स्त्री आहेत, पुरुष स्त्रीकडे पाहतो आहे आणि स्त्री वर देवदूताकडे. तिच्या मागे फळांचे झाड आहे व त्याला साप वेटाळलेला आहे, पुरुषाच्या मागच्या झाडाला ज्वाळा आहेत. आता ‘द डेव्हिल’ शेजारी ठेवा. मांडणी हुबेहूब तीच आहे, पण देवदूताच्या जागी सैतान बसला आहे, दोघांच्या गळ्यात साखळ्या आहेत आणि दोघांनाही शेपट्या फुटल्या आहेत: तिच्या शेपटीला द्राक्षे, त्याच्या शेपटीला ज्वाळा. मागच्या झाडांवरचे तेच फळ आणि तोच अग्नी आता अंगाला चिकटला आहे. सैतानाचा उंचावलेला उजवा हात ‘द हायरोफंट’च्या, म्हणजे धर्मगुरूच्या पत्त्यातल्या, आशीर्वादाच्या हाताची विकृत नक्कल आहे. आणि साखळ्यांचे फास इतके सैल आहेत की ते डोक्यावरून सहज काढता येतील. सहाव्या आणि पंधराव्या क्रमांकाच्या या दोन पत्त्यांचे हे नाते लक्षात आल्यावर आसक्ती, व्यसन, मोह हे पाठ केलेले शब्द पुरेसे वाटत नाहीत. प्रेमातले काय कुठे वाट चुकले, हे हा पत्ता विचारतो.

तिसरी गोष्ट चिन्हांच्या मुळांविषयी आहे आणि मराठी वाचकाने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे मूर्ती ओळखण्याचे शास्त्र आहे. शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हातात आहेत यावरून विष्णूच्या केशव, नारायण, माधव अशा चोवीस मूर्ती वेगळ्या ओळखल्या जातात. खुणेवरून अर्थ लावण्याची ही सवय टॅरोसाठी फार कामाची आहे, मात्र आपला कोश तिथे जसाच्या तसा चालत नाही. आपण पांढऱ्या रंगात शोक पाहू शकतो, तर या चित्रांत पांढरा गुलाब आणि लिली ही ख्रिस्ती कलेतली पावित्र्याची खूण आहे आणि शोकाचा रंग काळा आहे. कुत्रा दिसला की आपल्याला दत्ताच्या पायाशी बसलेले वेद आठवतात. ‘द फूल’च्या पायाशी उड्या मारणारा कुत्रा मात्र सोबती आहे आणि सावध करणाराही. साप ‘द लव्हर्स’मध्ये बायबलमधल्या एदेनच्या बागेतला आहे, आणि ‘द मॅजिशियन’च्या कमरेला स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला, म्हणजे अनंताची खूण आहे, नागपंचमीचा नाग दोन्हीकडे नाही. ‘द हाय प्रीस्टेस’च्या दोन खांबांवरची बी आणि जे ही अक्षरे म्हणजे बायबलमध्ये वर्णिलेल्या सॉलोमनच्या मंदिराचे बोआझ आणि याखीन (इंग्रजी उच्चारात जाखीन) हे खांब. तिच्या मागच्या पडद्यावर डाळिंबे आहेत आणि ती पुढे ‘द एम्प्रेस’च्या वस्त्रावर पुन्हा दिसतात, एकीकडे पडद्याआड राखलेली सृजनशक्ती दुसरीकडे अंगावर मिरवलेली आहे. राशींच्या बाबतीत मात्र आपल्याला काही नवे शिकावे लागत नाही. ‘द एम्परर’च्या सिंहासनावरची मेंढ्याची डोकी ही मेष राशीची आहेत. जुन्या संचांत न्यायाचा पत्ता आठवा आणि शक्तीचा अकरावा होता. गोल्डन डॉनची राशींची मांडणी धरून वेट यांनी त्यांची अदलाबदल केली, त्यामुळे शक्तीच्या पत्त्याची सिंह रास न्यायाच्या पत्त्याच्या तुळेच्या आधी आली.

पत्त्याचे मूळ समजले की भीतीही कमी होते. ‘द हँग्ड मॅन’ एका पायाने उलटा टांगलेला आहे. मध्ययुगीन इटलीतल्या शहरांत फितुरांची अशी उलटी टांगलेली चित्रे त्यांची बदनामी करण्यासाठी भिंतींवर काढली जात, आणि जुन्या इटालियन याद्यांत या पत्त्याचे नावच ‘फितूर’ असे आढळते. पामेला यांनी मात्र त्याच्या डोक्याभोवती तेजोवलय काढले, चेहरा शांत ठेवला आणि ज्या लाकडाला तो टांगला आहे त्याला पाने फुटलेली दाखवली. समाजाच्या दृष्टीने मान गेलेला माणूस आतून स्थिर असू शकतो, असे दोन काळांचे थर या एका चित्रात साचले आहेत.

मायनर आर्कानाच्या, म्हणजे चार गटांत विभागलेल्या, ५६ पत्त्यांत आकडा आणि गट दोन्ही पाहावे लागतात. काठ्या म्हणजे अग्नी व उमेद, पेले म्हणजे जल व भावना, तलवारी म्हणजे वायू व विचार, पेंटॅकल्स (नाण्यांसारख्या चकत्या) म्हणजे पृथ्वी, पैसा आणि शरीर, एवढे सुरुवातीला पुरते. रायडर-वेट-स्मिथच्या आधीच्या बहुतेक संचांत या पत्त्यांवर नुसती तितक्या संख्येची चिन्हे असत. पंधराव्या शतकाच्या अखेरचा इटालियन सोला-बुस्का संच हा प्रसिद्ध अपवाद. त्याची छायाचित्रे १९०७ साली ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती आणि हृदयात रुतलेल्या तीन तलवारींचे चित्र पामेला यांनी तिथूनच घेतलेले दिसते. बाकीचे प्रसंग बव्हंशी त्यांच्या कल्पनेतले आहेत. त्यांनी लंडनच्या रंगभूमीसाठी काम केले होते, आणि काही पत्त्यांत पात्र रंगमंचावर उभे असून मागे रंगवलेला पडदा सोडल्यासारखा भासतो. म्हणून ‘हा प्रसंग सुरू होण्याआधी काय घडले असेल?’ असा नाटकाच्या प्रेक्षकाचा प्रश्न या पत्त्यांना विचारून पाहावा.

पत्ते शेजारी मांडले की नजरेची दिशा पाहावी. एका पत्त्यातले पात्र पुढच्या पत्त्याकडे तोंड करून असेल तर दोघांत ओढ आहे, पाठ करून असेल तर दुरावा आहे. उलटा आलेला पत्ता म्हणजे थेट उलटा अर्थ, असे धरू नये. तो तसाच उलटा ठेवून चित्र पुन्हा पाहावे. उलट्या ‘द हँग्ड मॅन’मध्ये माणूस चक्क सरळ उभा दिसतो, फक्त एका पायावर.

दुसऱ्यासाठी पत्ते मांडताना पत्त्याचे तोंड त्या व्यक्तीकडे करावे आणि पहिले बोलणे तिच्यावर सोपवावे. ‘फाइव्ह ऑफ कप्स’ आला तर काळ्या झग्यातली आकृती आणि समोर सांडलेले तीन पेले तिला लगेच दिसतील. आकृतीच्या मागे दोन पेले अजून उभे आहेत आणि पलीकडे नदीवर पूल आहे, हे आपल्याला ठाऊक असते आणि ते सांगून धीर देण्याचा मोह होतो. तो आवरावा. सांडलेल्या तीन पेल्यांविषयी तिला जे बोलायचे आहे ते पूर्ण बोलून होऊ द्यावे, मग पत्ता तिच्या हातात द्यावा आणि आणखी काय दिसते एवढेच विचारावे. पुष्कळदा तिचे बोट स्वतःहून त्या दोन पेल्यांवर येऊन थांबते.